बारा व्होल्टांचा संसार

आषाढी एकादशीच्या आधी शेगावहून पंढरपुरास निघालेली श्री गजानन महाराजांची पालखी वाशीम जिल्ह्यातून जाताना रिसोडास येते, तेव्हा गावकऱ्यांचे डोळे स्वाभाविकच पालखीवर आणि टाळकऱ्यांच्या पावलांवर खिळलेले असतात. परंतु पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या दिंड्यांच्या मागून जो मालट्रक हळूहळू सरकत असतो, ज्याच्या ताडपत्रीखाली शिधा, अंथरुणे आणि भांडीकुंडी यांच्या सोबतीला चार दिवे, एखादा पंखा, भजनाचा ध्वनिवर्धक आणि चार्जिंगला लावलेले डझनभर मोबाईल असतात, त्याच्याकडेही विज्ञानजिज्ञासूने अवश्य पाहावे. पाश्चात्त्य देशांत जिला कॅम्पर व्हॅन म्हणतात आणि जिच्यासारख्या गाड्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले, त्या चाकांवरच्या घराचा हा आपला जुना, बिनफ्रीजचा भाऊबंद आहे, आणि दोघांच्याही विजेच्या तक्रारी एकाच मुळातून उगवतात.

ते मूळ म्हणजे दाबाचा तोकडेपणा. महावितरणची वीज तालुक्याच्या उपकेंद्रात ३३ हजार व्होल्टांच्या दाबाने येते, तेथून ११ हजारांनी गावोगाव फिरते आणि चौकातल्या रोहित्रातून उतरल्यावरच २३० व्होल्टांची होऊन घरात शिरते. हा सारा खटाटोप एवढ्याचसाठी की, दाब जितका अधिक तितका त्याच कामासाठी लागणारा प्रवाह कमी, आणि तारेत उष्णतेच्या रूपाने होणारा नाश प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तो तर त्याहूनही झपाट्याने कमी. गाडीतील १२ व्होल्टांचा व्यवहार नेमका याच्या उलट टोकाचा. ६० वॅटचे उपकरण घरात पाव अँपिअरवर चालते, गाडीत त्याच ताकदीला ५ अँपिअर लागतात. म्हणजे प्रवाह सुमारे १९ पट, आणि तार तीच ठेवली तर तिच्यातील नाश साडेतीनशे पटींहून अधिक. प्रत्येक तार, प्रत्येक जोड, प्रत्येक स्विच ही या मार्गावरची जकातनाकीच समजावीत. फरक इतकाच की येथे जकात मालावर न पडता दाबावर पडते, आणि प्रवाह वाढला की तिचा दर वाढतो.

गाडीतल्या छोट्या फ्रीजचे उदाहरण पाहू. संध्याकाळी बॅटरीवर मल्टिमीटर टेकवला तर साडेबारा व्होल्ट दिसतात, म्हणजे ती बऱ्यापैकी भरलेली आहे. तरीही फ्रीज घुर्रकन सुरू होतो, क्षणात बंद पडतो, थोड्या वेळाने पुन्हा उठतो आणि पुन्हा बसतो. मालक बॅटरीला बोल लावतो, आणि नवी बॅटरी विकण्यास दुकानदार कधीच नाखूष नसतो. परंतु घरातल्या दिव्यांसाठी वापरतात ती १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पाच मीटर अंतरावर नेली की जाऊन-येऊन दहा मीटर होते आणि तिचा रोध सुमारे ०.११ ओहम भरतो. कॉम्प्रेसर उचल खाताना १० अँपिअर ओढत असेल तर एकट्या तारेतच १.१ व्होल्ट खर्ची पडतात. त्यात पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेला एक जोड, आणि चासीच्या पत्र्यावरचा रंग न खरवडताच आवळलेला ऋण टोकाचा बोल्ट, यांनी मिळून आणखी एक व्होल्ट घेतला की फ्रीजपर्यंत जेमतेम १०.४ व्होल्ट पोहोचतात, आणि बॅटरी पार निचरून जाऊ नये म्हणून फ्रीजमध्येच केलेली तजवीज त्याला बंद करते. बंद होताच प्रवाह थांबतो, जकात शून्य होते, दाब पूर्ववत दिसतो, आणि बिचारे यंत्र पुन्हा फसते.

म्हणून भार नसताना घेतलेले मोजमाप या कामी जवळजवळ निरुपयोगी. फ्रीज चालू असतानाच मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खांबावर आणि दुसरे फ्रीजच्या धन टोकावर ठेवावे; तेथे जो आकडा उमटेल तो त्या बाजूला वाटेत गमावलेला दाब होय. तीच कृती ऋण बाजूने करावी, कारण चासीचा दोष बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसतो. मग एकेका जोडाच्या अलीकडे-पलीकडे टोके ठेवीत सरकत गेले की दोषी जोड जागच्या जागी सापडतो. आपल्याकडील रस्त्यांचे धक्के लक्षात घेता तो बहुधा सैल झालेला लग किंवा काळवंडलेली फ्यूजची बैठक असते, बॅटरी क्वचितच.

मालट्रकची गोष्ट थोडी निराळी आणि, माझ्या मते, अधिक उद्बोधक. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकामागून एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. दिवे आणि ध्वनिवर्धक १२ व्होल्टांचे असल्यामुळे कोणीतरी हुशारीने दोहोंपैकी एकीलाच तार जोडतो, आणि चार मुक्काम सारे सुरळीत चालते. अल्टरनेटरला मात्र या खासगी वाटणीची खबर नसते. तो दोघींना मिळून एकूण दाब देतो, दोघींमधून एकच प्रवाह जातो, त्यामुळे जिच्यातून उपसा झाला ती कायम अर्धपोटी राहून तिच्या पत्र्यांवर शिशाचे सल्फेट घट्ट बसते, आणि जी अगोदरच भरलेली होती ती नको असलेला प्रवाह सोसून आपले पाणी वायुरूपाने उडवून टाकते. काही दिवसांनी पहाटे सेल्फ उचलत नाही, आणि एक बॅटरी उपाशी तर दुसरी कोरडी असा निकाल हाती येतो. दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून जोडलेला, २४ चे १२ व्होल्ट करून देणारा कन्व्हर्टर हाच यावर सरळ इलाज.

शिसे आणि आम्ल यांची ही बॅटरी गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली सिद्ध केली, आणि तिचा स्वभाव तेव्हापासून फारसा पालटलेला नाही. काही तास विश्रांती दिल्यावर १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मी. निम्म्याखाली वारंवार उतरवली तर ती अकाली जाते, आणि २५ अंशांवरच्या प्रत्येक दहा अंश उष्णतेला तिचे आयुष्य अदमासे निम्मे होते, ही गोष्ट वऱ्हाडच्या वैशाखात विसरून चालत नाही. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी उचलून गाडीत ठेवणाऱ्यांनी हेही जाणावे की चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, आणि बंद केबिनीत त्याला बाहेर वाट हवी. लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी हलकी आणि सोशिक खरी, पण तिचा दाब भरलेली असो वा बरीच उपसलेली, १३ व्होल्टांच्या आसपासच रेंगाळतो. तेव्हा व्होल्ट पाहून शिल्लक ताडण्याची सवय तेथे फसवते, गेला-आला प्रवाह मोजणारा शंटच बसवावा लागतो. मध्यरात्री ती एकाएकी अंधार करते आणि मीटर शून्य दाखवतो, तेव्हा ती मेलेली नसते. आतील रक्षक मंडलाने दार लावून घेतलेले असते, आणि चार्जर जोडला की ते बहुधा उघडते.

दिवे, पंखा, मोबाईल आणि फ्रीज धरून एका कुटुंबाचा दिवसाचा खर्च आठशे वॅट-तासांच्या घरात जातो, व त्यातला मोठा वाटा फ्रीजचा. टपावरचे २०० वॅटचे सौर पॅनल निरभ्र दिवशी सातशेच्या आसपास देते. आषाढातल्या ढगांत ते पुष्कळच कमी होते, म्हणून बाकीची भर चालत्या इंजिनाकडून घ्यावी लागते. रिसोड विषुववृत्तापासून सुमारे वीसच अंश उत्तरेला असल्यामुळे पॅनल आडवे ठेवले तरी फारसे बिघडत नाही. लोणारच्या सरोवराकाठी सावली शोधून गाडी लावली तर मात्र बिघडते, कारण एका फांदीची छाया पडली तरी पॅनलचा मोठा भाग निष्क्रिय होतो. इंडक्शन शेगडीचा मोह टाळावा. १५०० वॅटसाठी इन्व्हर्टर बॅटरीतून जवळजवळ दीडशे अँपिअर ओढतो. चहाला गॅसच बरा.

राहता राहिला फ्यूज. तो उपकरणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो, म्हणून त्याची जागा दिव्याजवळ नव्हे, तर बॅटरीच्या धन खांबापासून वीतभर अंतरात, आणि त्याचा आकडा तारेच्या जाडीवरून ठरवायचा. तो उडाला तर त्याच जागी तांब्याची तार गुंडाळून वेळ मारून नेण्याची जी सर्रास रीत आहे, तीत शॉर्ट झाल्यास शेकडो अँपिअरचा प्रवाह मोकळा सुटतो. आधी वायरचे वेष्टन वितळते, मग ताडपत्री पेटते, आणि गुंडाळलेली तार तोवर शाबूत असते.