पल्ल्यासाठी घडवलेले काडतूस

४५-८०-५०० हे अमेरिकी लष्कराचे लांब पल्ल्याचे काडतूस. तीन आकडे म्हणजे नळीचा व्यास ०.४५ इंच, काळी दारू ८० ग्रेन आणि शिशाची गोळी ५०० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेबत्तीस ग्रॅमची. पायदळाच्या नेहमीच्या काडतुसात तेव्हा ७० ग्रेन दारू आणि ४०५ ग्रेनची गोळी असे. त्याची पुंगळी २.१ इंच लांब, तर याची २.४ इंच. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागाराने बनवलेल्या मोजक्या रायफलींसाठीच ते तयार झाले. विक्रीसाठी बाजारात ते कधीच आले नाही.

जड आणि लांब गोळी हवेत डगमगू नये म्हणून तिला जास्त फिरकी लागते. नेहमीच्या नळीतल्या खाचा गोळीला २२ इंचांत एक फेरा देत. या रायफलीत तो १८ इंचांतच पुरा होई.

एवढ्या पल्ल्याचा ध्यास अकारण नव्हता. १८७७ मध्ये प्लेव्हना येथे तुर्की सैनिकांनी रशियनांना फार दुरून टिपले आणि साऱ्या लष्करांचे लक्ष तिकडे वळले. अमेरिकेने १८७९ मध्ये न्यू जर्सीच्या सँडी हूक किनाऱ्यावर चाचण्या घेतल्या. वाळूत पडलेली गोळी सापडते, म्हणून किनारा सोयीचा. २,५०० वारांवरचे लक्ष्य ४४ फूट लांब आणि २२ फूट उंच होते, तरीही ते साधणे अवघडच होते.

चाचणीतला सर्वांत सुंदर भाग म्हणजे वेळ मोजण्याची रीत. टेलिफोन तेव्हा अगदी नवा होता. एक यंत्र रायफलीजवळ, दुसरे लक्ष्याजवळच्या सुरक्षित आडोशात. तारेतून बार ऐकू येताच निरीक्षक घड्याळ सुरू करी आणि गोळी आदळताच थांबवी. ३,५०० वार, म्हणजे सव्वातीन किलोमीटरला थोडे कमी, एवढे अंतर कापायला गोळीला सुमारे २१ सेकंद लागत. ती वरून तिरकी कोसळे, तरी लाकडी फळ्या फोडून वाळूत रुतण्याइतका जोर तिच्यात उरे. ४०५ ग्रेनची गोळी या बाबतीत स्पष्टपणे कमी पडली.

म्हणून लष्कराने ५०० ग्रेनची गोळी स्वीकारली, पण ७० ग्रेन दारूच्या जुन्या, आखूड पुंगळीतच. सैन्याच्या हजारो रायफलींना लांब पुंगळी बसली नसती. १८८० च्या दशकात पायदळाने तीच गोळी वापरली आणि लांब काडतूस मागे पडले.