द्राक्षवेलीची दुहेरी छाटणी

पानगळीच्या झाडाला कात्री केव्हां लावावी, या प्रश्नाचें उत्तर थंड देशांत ऋतूच देतो. शिशिरांत पानें झडतात, अन्नसंचय खोडामुळांत साठून झाड गाढ झोपीं जातें, आणि वसंतांत डोळे फुगण्यापूर्वीं माळी छाटून मोकळा होतो. कुंडींतले वामनवृक्ष वाढविणारे जपानी माळीही पुष्कळदां याच सुमारास फांद्यांना तार गुंडाळतात. पानें आड येत नाहींत.

परंतु पुणें-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे रस्ते जेथें एकमेकांस छेदतात, त्या आळेफाट्याच्या आसमंतांत, जुन्नर तालुक्यांत, अशी गाढ झोप लागण्याइतकी थंडी पडत नाहीं. येथील द्राक्षवेल कुळानें पानगळीची खरी, पण विसावा तिला ठाऊक नाहीं. मोकळी सोडल्यास ती वाढतच राहील. फळाचा मात्र भरंवसा नाहीं. म्हणून ऋतूचें काम येथें कात्रीला करावें लागतें, आणि तेंही वर्षांतून दोनदां.

पहिली छाटणी तोडा संपल्यावर, एप्रिलांत. ओलांड्यावरील काडी एकदोन डोळे राखून खरडून टाकतात. म्हणून ही खरड छाटणी. नव्या काड्या फुटतात, आणि साधारण ४० ते ६० दिवसांच्या दरम्यान, बाहेरून कांहीं न दिसतां, डोळ्याच्या गर्भांत पुढच्या हंगामाचा घड आकार घेऊं लागतो. त्या दिवसांत डोळ्यांना ऊन मिळालेंच पाहिजे. यासाठीं फुटी विरळ करून उरलेल्या काड्या मांडवाच्या तारांवर पसरून बांधतात. येथील तार शोभेची नव्हे, उन्हासाठीं आहे. आभाळ दाटून राहिलें, काडी अशक्त राहिली, कीं ऑक्टोबरांत घडाच्या जागीं नुसती बाळी येते. ‘घड जिरला’ असें बागाइतदार म्हणतो, आणि त्या दोन शब्दांत त्याचें वर्ष बुडालेलें असतें.

दुसरी ती फळछाटणी. हिच्यापूर्वीं कित्येक बागाइतदार काड्यांचे डोळे सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून घेतात व घड ज्या डोळ्यांत आहे त्याच्या पुढें काडी कापतात. मग राखलेल्या डोळ्यांस हायड्रोजन सायनामाईड लावतात. औषध विषारी खरें, पण थंडीनें करावयाचें काम तें थोडेंबहुत करतें आणि डोळे एकसारखे फुटतात.

खरी कसोटी तारखेची. सप्टेंबरांतच छाटल्यास माल लवकर येऊन चढ्या भावाची आशा. पण परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर किंवा फुलोऱ्यावर आला कीं केवडा पडतो, घड कुजतात. फार उशीर करावा, तर थंडींत फूट रेंगाळते, मण्यांची वाढ खुंटते, आणि छाटणीपासून चार-साडेचार महिन्यांनीं तयार होणारा माल गर्दीच्या बाजारांत सांपडतो. यास्तव जाणते लोक सारी बाग एकदम छाटीत नाहींत. तुकडे पाडून, आठपंधरा दिवसांच्या अंतरानें कात्री चालवितात.

गच्चीवरील कुंडींत अंजीर वा वामनवृक्ष ठेवणाऱ्यानेंही परदेशी पुस्तकांतले महिने जसेच्या तसे घेऊं नयेत. डोळा फुगूं लागला कीं नाहीं, हें पाहावें. तार बांधलीच, तर वाढीच्या दिवसांत ती वरचेवर तपासावी. फांदी जाड होऊन तार सालींत रुतली, तर तो वण वर्षानुवर्षें जात नाहीं.