शाळेचा कारभार आणि आपला मशवरा

मार्व्याच्या धक्क्यावरून बोटीने खाडी ओलांडली की मनोरी. पावसाळ्यात इथली मुले शाळेत कशी पोहोचतात, हे गावातल्या आईला जितके ठाऊक, तितके दूरच्या कचेरीला कसे असणार? म्हणूनच २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. पालिकेच्या शाळेत विकास आराखडा करणे, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे तिचे काम. अनुदानित शाळांत २०१२ पासून ती फक्त सल्ला देते. पण सल्ल्यालाही वजन असते.

आपण मात्र सहीपुरते जातो. कारभार मशवऱ्याने करावा, ही तर आपली शिकवण! पुढच्या सभेला अम्मींनीही जावे आणि विचारावे, ‘यंदाचा आराखडा दाखवता का?’