सणाचं ताट आणि त्याभोवतीचे गैरसमज

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी दौंडच्या बाजारात किराणा दुकानांपुढे सारखीच यादी घेतलेली माणसं दिसतात: साबुदाणा, भगर, शेंगदाणे, रताळी, बटाटे. यादी आजीच्या काळापासून तशीच असल्याने ती अनादी काळापासूनचीच असेल, असं घरोघरी धरून चालतात. प्रत्यक्षात यातले शेंगदाणा, बटाटा, रताळं आणि फोडणीतली मिरची ही मंडळी मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती आपल्याकडे आली. साबुदाण्याची गोष्ट तर आणखी अलीकडची. तो पूर्वी आग्नेय आशियातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यापासून बनून यायचा. दुसऱ्या महायुद्धात ती आवक थांबली आणि तमिळनाडूतल्या सेलम भागात टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा करायचा धंदा उभा राहिला. आज आपल्या खिचडीत पडतो तो या कंदातला स्टार्च. संतांच्या काळातल्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी नव्हती.

म्हणून खिचडी खाऊ नये असं मी म्हणत नाही. उपवासाचे पदार्थ काळानुसार बदलत आले आहेत आणि त्यामुळे श्रद्धेला धक्का लागला नाही, एवढंच यातून दिसतं. आक्षेप आहे तो ‘उपवासाचं म्हणजे हलकं’ या समजुतीला. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण 350 उष्मांक असतात आणि प्रथिनं एक ग्रॅमही नसतात. खिचडीला जो कस येतो तो शेंगदाण्याच्या कुटामुळे, कारण शेंगदाण्यात सुमारे 25 टक्के प्रथिनं असतात. सकाळी खिचडी, दुपारी वेफर्स, संध्याकाळी वडे असा दिवस काढला तर पोटाला विश्रांती मिळत नाही. साखरेचा आजार असणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी तर हा रोजच्या भाकरी-भाजीपेक्षा अवघड दिवस ठरतो. त्यांच्या ताटात खिचडी कमी, दही, कूट आणि काकडीची कोशिंबीर जास्त, हे घरातल्या माणसांनीच पाहायला हवं.

भगर धान्य नाही म्हणून उपवासाला चालते, असंही सर्रास सांगतात. भगर हे भरड धान्यच आहे, ज्वारी-बाजरीच्या गवताच्याच कुळातलं. फक्त ते नांगरलेल्या मोठ्या शेतात नव्हे तर डोंगरउतारावर, थोडक्या मेहनतीत पिकायचं, म्हणून रूढीने त्याला वेगळं ठेवलं. राजगिरा मात्र खरोखर गवताच्या कुळातला नाही. काही घरांत ‘धान्यफराळ’ करतात, म्हणजे धान्य आधी भाजून मग त्याचे पदार्थ करतात. शेजारच्या घरात तेच निषिद्ध असतं. दोन्ही घरं चूक नाहीत, दोघांचा कुळाचार निराळा आहे.

भगरीबाबत एक गोष्ट मात्र कुळाचारावर सोडता येत नाही. तिचं पीठ हवेतला ओलावा पटकन धरतं, त्यावर बुरशी येते आणि दर वर्षी नवरात्र-महाशिवरात्रीच्या सुमारास विषबाधेच्या बातम्या येतात. म्हणून अख्खी, पाकीटबंद भगर आणावी, तारीख पाहावी, निवडून धुवावी आणि पीठ लागेल तेवढंच घरी दळावं. सुटं, कधी दळलंय ते ठाऊक नसलेलं पीठ घेऊ नये.

‘देवाला कांदा-लसूण आणि वांगं चालत नाही’ हे वाक्य ऐकलं की जेजुरी आठवावी. दौंडहून ती काही लांब नाही. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे एकादशीच्या दोन दिवस आधी, कांदेनवमी करून अनेक घरं कांदा-वांग्याला निरोप देतात. मग चातुर्मास सरल्यावर मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्यात काय असतं? बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत, पातीचा कांदा. देवाला वर्ज्य असतं तर ते त्याच्याच पानात वाढलं नसतं. पावसाळ्यात वांग्याला कीड फार, साठवलेला कांदा सडायला लागलेला. थंडीत नवी बाजरी, ताजी पात आणि रसरशीत वांगी. ताट शेताकडे बघून वाढलं जातं, हे या नैवेद्याइतकं लख्ख दुसरीकडे क्वचितच दिसतं.

आता पुरणपोळी, आणि तिच्यातला गूळ. दौंड तालुका हा उसाचा आणि गुऱ्हाळांचा मुलूख, त्यामुळे इथे तरी गूळ ओळखता यायलाच हवा. बाजारात मात्र पिवळाधमक खडा उचलला जातो आणि तपकिरी ढेप मागे राहते. चरकातून निघालेला रस काहिलीत उकळताना गुळव्या त्यात चुना आणि भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतो, वर आलेली मळी काढत राहतो आणि पाक जमला की वाफ्यात ओततो. अशा गुळाचा रंग उसाची जात, जमीन आणि आच यांवर ठरतो आणि तो बहुधा गडदच असतो. फिकट, चकचकीत पिवळा रंग आणायला हायड्रॉससारखी गंधकयुक्त रसायनं वापरली जातात. गुळाचा भाव रंगावर ठरवणारे ग्राहकच त्या रसायनाला मागणी देतात, हे मला मनापासून खटकतं.

पण याच्या उलट टोकाचा गैरसमज अधिक घातक आहे: गूळ नैसर्गिक, म्हणून मधुमेहाला चालतो. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण त्याचा मुख्य भाग साखरच आहे आणि रक्तातली साखर तो साखरेसारखीच वाढवतो. गुळाची पोळीही मोजूनच खावी.

पुरण बिघडलं की दोष डाळीला दिला जातो. बोअरच्या क्षारयुक्त, जड पाण्यात हरभऱ्याची डाळ लवकर शिजत नाही. डाळ भिजवून मऊ पाण्यात शिजवली तर फरक लगेच कळतो. गूळ डाळ पुरती मऊ झाल्यावरच घालायचा, आधी घातला तर ती पुढे शिजायचं नाव घेत नाही. आणि डाळीचं वरचं पाणी म्हणजे कट, कटाची आमटी त्याचीच.

नैवेद्य म्हणजे गोडधोडच, हेही तसं नाही. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी लोणी काळभोरनंतर दौंड तालुक्यातल्या यवतला मुक्कामी येते. तिथे वारकऱ्यांना पिठलं-भाकरी असते. गावातल्या घराघरांतून भाकरी येतात, पिठलं मोठ्या कढयांत शिजतं. दिवसभर चाललेल्या पायांना तेच हवं असतं.

तारखांबाबत थोडक्यात. आषाढी 2025 ला 6 जुलैला होती, 2026 ला 25 जुलैला, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ येतो. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असतं. अधिक महिना ती तूट भरून काढतो, म्हणून आपले सण ऋतू सोडत नाहीत. हिजरी वर्षात अधिक महिना नाही, त्यामुळे रमजान ईद सगळ्या ऋतूंतून फिरते. 2025 मध्ये 30 मार्चला गुढीपाडवा आणि 31 मार्चला ईद आली होती. एका दिवसाच्या अंतराने दोन शेजारी घरांत पुरण आणि शीरखुर्मा शिजला. पोळ्याचीही एकच तिथी नाही. राज्यात अनेक ठिकाणी तो श्रावण अमावास्येला असतो, पुणे जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत भाद्रपद अमावास्येला बैल सजतात आणि पुरणपोळी त्यांना आधी भरवली जाते.

फराळ दिवाळीचाच, ही समजूतही एवढ्यात सुटावी. याच तालुक्यातल्या केडगावला ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रियांसाठी मुक्तिसदन वसवलं. नाताळ म्हणजे केक एवढंच ज्यांना ठाऊक आहे त्यांना माहीत नसेल, पण मराठी ख्रिस्ती घरांत डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात करंज्या, चकल्या आणि शंकरपाळे तळायला घेतात.