पैठणीचा पदर आणि येवल्याचे माग

गोदावरीकाठचे पैठण, म्हणजेच सातवाहनांची राजधानी असलेले प्रतिष्ठान, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात व्यापारी पेठ म्हणून येते. मात्र त्यात पैठणहून मौल्यवान खडे आणि तगर म्हणजे आजच्या तेरहून कापड भडोचला जात असल्याचा उल्लेख असल्यामुळे, पैठणी या रेशमी वस्त्राचा वंश थेट सातवाहनांपर्यंत नेणे घाईचे ठरते. अधिक भक्कम पुरावा पेशवाईतला आणि हैदराबादच्या निजामाच्या राजवटीतला आहे. या दोन्ही दरबारांच्या मागणीवर पैठणीचा धंदा पोसला गेला आणि राजाश्रय आटताच मागही थंडावले. आज पैठणमध्ये विणकाम चालू असले, तरी व्यवसायाचे मोठे केंद्र नाशिक जिल्ह्यातील येवला हेच आहे.

या वस्त्राचे खरे कसब पदरात आहे. साध्या विणीत धोटा, म्हणजे बाण्याचा (आडवा) धागा वाहून नेणारे साधन, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो. पदरावरच्या नक्षीसाठी मात्र प्रत्येक रंगाचे रेशीम स्वतंत्र तिल्लीवर, म्हणजे छोट्या कांडीवर गुंडाळलेले असते, आणि विणकर ताण्याचे (उभे) धागे मोजून ती तिल्ली नक्षीच्या तेवढ्याच भागात फिरवतो. जिथे पोपटाचा हिरवा रंग संपून जरीची जमीन सुरू होते, तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवले जातात, त्यामुळे मागे लोंबते धागे राहत नाहीत आणि मोर, कमळ किंवा आसावलीची वेल दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला, की अंगावर धूपछाव उमटते. भरगच्च पदराला महिनोन्‌महिने लागतात, आणि पैठणीची किंमत मुख्यतः या वेळेची असते, ही गोष्ट ग्राहक सहज विसरतो.

पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्याआधी 1985 च्या कायद्याने काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवले होते. तरीही यंत्रमागावरच्या नकला पैठणी म्हणूनच खपतात आणि त्यांचा स्वस्त भाव हातमागाच्या मजुरीला खाली ओढतो. ज्या घरातील मुलांना यापेक्षा बरी मिळकत अन्यत्र दिसते, त्या घरातला माग पुढच्या पिढीत चालू राहील, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. कायद्याने अडवता न आलेली ही फसवणूक ग्राहकाला मात्र ओळखता येते, म्हणून पैठणी घेताना पदर उलटून पाहावा, आणि मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसले तर तिला हातमागाची किंमत देऊ नये.