दम्याला एक दिवस पुरत नाही

मृग लागला की हैदराबादच्या नामपल्ली प्रदर्शन मैदानावर रांगा लागतात. बत्तिनी गौड कुटुंबीय लहानशा जिवंत मरळ माशाच्या तोंडात पिवळसर औषध भरतात आणि दमेकऱ्याने तो मासा तसाच गिळायचा असतो. शाकाहारी मंडळींना ते गुळातून देतात. १८४५ पासून घराण्यात ही सेवा चालू असल्याचे कुटुंबीय सांगतात. पैसे घेत नाहीत. कोरोनामुळे २०२० ते २०२२ असा खंड पडला आणि २०२३ मध्ये रांगा पुन्हा लागल्या. त्यांत आपल्या सीमाभागातील आईबापही लेकरांना कडेवर घेऊन उभे असतात.

त्यांना हसण्याचे कारण नाही. घरात आजी ‘उब्बस’ म्हणो की आजोबा ‘दमा’ म्हणोत, रात्री उशांना टेकून बसलेले आणि छाती घरघरणारे लेकरू ज्याने पाहिले, तो आशेपोटी कुठेही जाईल. मात्र या औषधातील घटक जाहीर नाहीत आणि त्याने दमा बरा होतो, असा शास्त्रीय पुरावा मिळालेला नाही. खरी काळजी पुढेच आहे. ‘प्रसाद घेतला, आता पंप कशाला?’ असे म्हणून चालू औषध बंद केले, तर मुलाच्या जिवावर बेतू शकते. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. धाप थांबली तरी ती सूज राहू शकते. म्हणून हा आजार वर्षभर सांभाळावा लागतो.

तो सांभाळायचा कुणी? हैदराबादेत २०१८ पासून वस्त्यावस्त्यांत ‘बस्ती दवाखाने’ सुरू झाले. तिथे तपासणी आणि औषध मोफत मिळते. कर्नाटकात ‘नम्म क्लिनिक’ आणि महाराष्ट्रात ‘आपला दवाखाना’ त्याच वाटेवरचे. पण डॉक्टर पाहतात ते मूल. घर त्यांना दिसत नाही. ओल आलेली भिंत, चुलीचा धूर, वडिलांची विडी, रात्री लावलेली डासांची कॉइल, हे पाहते ती दारात येणारी आशाताई. २००५ मध्ये खेड्यांसाठी सुरू झालेली ही योजना २०१३ नंतर शहरी वस्त्यांतही पोहोचली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आशाताईंचा गौरव केला.

अशा भेटींनी फरक पडतो का? अमेरिकेतील सिअ‍ॅटल परिसरात दम्याची मुले असलेल्या २७४ गरीब कुटुंबांवर झालेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे आरोग्य कार्यकर्ती वारंवार घरी गेली, तिथे मुलांना तातडीने दवाखान्यात न्यावे लागण्याचे प्रमाण एकाच भेटीच्या घरांपेक्षा अधिक घटले. तिने घरातल्यांच्या बरोबरीने घरातली दम्याची कारणे शोधली.

आपल्याकडे औषध घेण्याची रीत समजावणेही गरजेचे. चिठ्ठी इंग्रजीत, आई कन्नड बोलणारी, वडील मराठी! कोणता पंप कधी, हे आईच्या भाषेत सांगणारे माणूस हवे. बहुधा निळा असतो तो सालब्युटामॉलचा पंप, धाप लागल्यावर आराम देणारा. दुसरा सूज कमी करणारा. डॉक्टरांनी सांगितला असेल तर मूल खेळत-बागडत असतानाही तो रोज घ्यायचा आणि नंतर चूळ भरायची. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती निराधार आहे. औषध थेट फुप्फुसात जात असल्याने मात्राही अगदी थोडी लागते.

लहान मुलांना दाब आणि श्वास यांचा मेळ जमत नाही. म्हणून पंपाला स्पेसर, म्हणजे औषध साठवणारी पोकळ नळी लावतात. ती परवडत नसेल तर? दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवून दिले, की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून फट नीट बंद केली, तर तीही तेवढेच काम देते. मात्र ती डॉक्टरांना दाखवूनच वापरावी.

बोलताना मूल वाक्य पुरे करू शकत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर पहाटेची वाट पाहू नये. हैदराबादेतच २००५ साली सुरू झालेली १०८ ची रुग्णवाहिका आता कर्नाटक-महाराष्ट्रातही येते.

आशाताईचा दिवस गरोदर माता, लसीकरण, क्षयरोग यांत संपतो आणि तिला मोबदला मिळतो तो बराचसा कामागणिक. तिच्या कामांत दम्याच्या मुलाच्या घरची फेरीही धरली जावी आणि तिचा मोबदला मिळावा, ही मागणी आपण ग्रामसभेत, नगरसेवकाकडे करू शकतो. मृगाला हैदराबादला जायचे त्यांनी जावे. पण मुलाचा पंप पिशवीत असू द्यावा, आणि परतल्यावरही तो चालू ठेवावा.