सेबीचं ‘नो-अ‍ॅक्शन लेटर’ म्हणजे काय, कोणाला मिळतं आणि त्यासाठी कागद कोणते लागतात?



शिरूर आणि दौंडच्या बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. “सर, शेळीपालनाचं मोठं शेड टाकायचंय. बँक तारण मागते. गावातल्या पन्नास-शंभर लोकांकडून प्रत्येकी वीस-पंचवीस हजार घेतले, त्यांच्या नावाने शेळ्या सांभाळल्या आणि वर्षाला ठरावीक परतावा दिला, तर चालेल का? आणि आधीच सेबीकडून ‘यांच्यावर कारवाई करणार नाही’ असं पत्र आणून ठेवलं तर?”

प्रश्न चांगला आहे. पैसे गोळा करण्याआधी विचारतोय, म्हणजे माणूस सरळ आहे. व्हिडिओत याचं उत्तर थोडक्यात दिलं होतं, पण कागदपत्रांची यादी बोलून लक्षात राहत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो. शेवटपर्यंत वाचा, कारण अर्ध्या माहितीवर उचललेलं पाऊल इथे थेट तुरुंगाच्या दारापर्यंत नेऊ शकतं.

हे पत्र नेमकं काय असतं?

सेबी म्हणजे शेअर बाजार, म्युच्युअल फंड आणि लोकांकडून गुंतवणूक गोळा करणाऱ्या योजनांवर देखरेख ठेवणारी संस्था. १९८८ मध्ये स्थापन झाली आणि १९९२ च्या कायद्याने तिला अधिकार मिळाले. कायदा सगळ्यांना सारखा असला, तरी प्रत्येकाचा व्यवहार वेगळा असतो. ‘माझ्या या व्यवहाराला हा नियम लागतो की नाही?’ अशी शंका खरोखर येते. अशा शंकांसाठी सेबीने २००३ मध्ये ‘इन्फॉर्मल गायडन्स’ म्हणजे अनौपचारिक मार्गदर्शनाची योजना आणली. अमेरिकेतल्या बाजार नियंत्रकाकडे अशी पत्रं देण्याची पद्धत आधीपासून होती.

या योजनेत दोन प्रकारची पत्रं मिळतात.

पहिलं, नो-अ‍ॅक्शन लेटर. तुम्ही सांगता, ‘मी अमुक व्यवहार अमुक पद्धतीने करणार आहे.’ त्यावर सेबीचा संबंधित विभाग कळवतो, की हा व्यवहार तसाच झाला तर आम्ही कारवाईची शिफारस करू किंवा करणार नाही.

दुसरं, इंटरप्रिटिव्ह लेटर. यात एखाद्या तरतुदीचा अर्थ तुमच्या व्यवहारापुरता सांगितला जातो.

दोन्ही पत्रं ‘तुम्ही सांगितलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे’ एवढ्याच पायावर उभी असतात. एक महत्त्वाची गोष्ट लपवली, तर पत्र हातात असूनही उपयोग शून्य. शिवाय हे पत्र म्हणजे सेबीचा अंतिम आदेश नव्हे. ते विभागाचं मत असतं. आणि ते विचारणाऱ्यापुरतंच असतं. शेजाऱ्याचं पत्र दाखवून आपला धंदा चालत नाही.

अर्ज कोण करू शकतो?

बहुतेकांची गाडी इथेच अडते. २००३ च्या योजनेप्रमाणे हे पत्र मागण्याचा हक्क ठरावीक लोकांनाच होता: सेबीकडे नोंदणी असलेले मध्यस्थ (ब्रोकर, मर्चंट बँकर वगैरे), शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, नोंदणीसाठी अर्ज किंवा प्रस्तावाचा मसुदा दाखल केलेली कंपनी, म्युच्युअल फंडाची ट्रस्टी किंवा व्यवस्थापन कंपनी, आणि एखादी नोंदलेली कंपनी ताब्यात घेऊ पाहणारा खरेदीदार.

म्हणजे समजा, रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीत सुटे भाग बनवणारी एखादी कंपनी एसएमई मंचावर शेअर आणायच्या तयारीत आहे आणि कागद दाखल झालेत, तर तिला हा दरवाजा उघडा आहे. पण केडगावचा गुऱ्हाळवाला किंवा न्हावऱ्याचा शेळीपालक फक्त कल्पना घेऊन गेला, तर तो या यादीत बसत नाही.

म्हणून कोणी एजंट म्हणाला, “पैसे द्या, सेबीचं पत्र आणून देतो,” तर त्याला पहिला प्रश्न हा विचारा: “मी यातल्या कोणत्या गटात बसतो?” तो गप्प बसेल.

पात्र असाल तर फाईलमध्ये काय काय हवं?

१. अर्जाचं पत्र. ‘हा अर्ज अनौपचारिक मार्गदर्शन योजनेखाली करत आहोत’ हे सुरुवातीलाच स्पष्ट लिहायचं. नाहीतर ते साधं पत्र म्हणून दुसऱ्याच टेबलावर जाईल. नो-अ‍ॅक्शन हवंय की अर्थनिर्णय, हेही लिहा.

२. आपण कोण, हे दाखवणारे कागद. नोंदणी प्रमाणपत्र, कंपनीचे स्थापनेचे कागद, आणि सही करणाऱ्याला अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव.

३. सगळी वस्तुस्थिती. कोण, कोणाकडून, किती, केव्हा, कशाच्या बदल्यात. करारांचे मसुदे जोडा. अडचणीची बाजू आधी लिहा. ती नंतर बाहेर आली तर पत्राचा पायाच जातो.

४. कायद्याचं नेमकं कलम. ‘हे कायदेशीर आहे का?’ असा मोघम प्रश्न चालत नाही. कोणत्या कायद्याचं कोणतं कलम, कोणता नियम, ते लिहावं लागतं.

५. आपलं विश्लेषण. ते कलम आपल्याला का लागतं किंवा का लागत नाही, हे आपणच आधी मांडायचं. इथे कंपनी सेक्रेटरी किंवा वकिलाची फी वाचवू नका.

६. शुल्क. २००३ च्या योजनेत ते २५,००० रुपये ठेवलं होतं. अर्ज दखलपात्र नसेल तर ५,००० रुपये कापून बाकीचे परत, अशी तरतूद होती. उत्तरासाठी ६० दिवसांची मुदत होती.

७. गोपनीयतेची विनंती, हवी असेल तर. ही पत्रं सेबी आपल्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी प्रसिद्ध करते. व्यवहार उघड व्हायला वेळ हवा असेल तर कारणासहित तसं मागता येतं. २००३ च्या योजनेत ही सवलत जास्तीत जास्त ९० दिवसांची होती.

लक्षात ठेवा, शुल्क आणि मुदती अशा गोष्टी सेबी बदलत असते. अर्ज टाकायच्या दिवशी संकेतस्थळावरचा चालू मजकूर स्वतः उघडून वाचा. माझ्या लेखावर किंवा कोणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबून शुल्क भरू नका.

अर्ज कशामुळे परत येतो?

प्रश्न मोघम असेल, ‘समजा असं झालं तर’ असा काल्पनिक असेल, विचारणाऱ्याचा त्या व्यवहाराशी थेट संबंध नसेल, कलम लिहिलेलं नसेल, किंवा त्याच विषयावर चौकशी वा कोर्टकचेरी चालू असेल, तर अर्ज बाजूला ठेवला जातो. शेवटचा मुद्दा नीट ध्यानात घ्या. नोटीस आल्यावर हे पत्र मागता येत नाही. ही छत्री पाऊस येण्याआधीची आहे.

आता शेळ्यांकडे वळू

आपल्या भागात अर्धलीने शेळी किंवा म्हैस देण्याची रीत जुनी आहे. शेजारणीची शेळी, सांभाळणारे आपण, करडं निम्मी निम्मी. शेळी कोणाची ते माहीत, विकायची कधी ते मालकीण ठरवते. हा दोन माणसांतला व्यवहार झाला.

तुमची योजना वेगळी आहे. तिथे शंभर जणांचे पैसे एकाच गल्ल्यात येतात. सेबी कायद्याच्या ११ एए या कलमात ‘सामूहिक गुंतवणूक योजना’ ओळखायच्या चार खुणा आहेत:

– लोकांचे पैसे एकत्र करून योजनेसाठी वापरले जातात.
– लोक नफा, उत्पन्न किंवा मालाच्या आशेने पैसे देतात.
– ती मालमत्ता त्यांच्या वतीने दुसरा कोणी सांभाळतो.
– रोजच्या कारभारावर पैसे देणाऱ्यांचा ताबा नसतो.

आता आपलं शेड या चार ओळींवर ठेवून बघा. चारही ठिकाणी टिकमार्क होतोय ना? मग सेबीची नोंदणी लागते. ती फक्त कंपनीला मिळते आणि त्यासाठी कोट्यवधींचं नक्त मूल्य लागतं. ‘रक्कम लहान आहे’ ही सबब कायद्यात नाही.

हे पुस्तकी बोलणं नाही. पुण्याच्या समृद्ध जीवन फूड्स इंडिया या कंपनीने शेळ्या-म्हशींच्या नावाने लोकांकडून पैसे घेतले होते. ही नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना दिसते, असं म्हणत सेबीने २०१३ मध्ये तिला नवीन पैसे गोळा करायला मनाई केली. पुढे फौजदारी तपासही झाला. ज्यांनी पैसे भरले त्यांत गावाकडची साधी माणसं होती.

त्यात २०१९ पासून अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आहे. नुसती जाहिरात करून ठेवी मागितल्या तरी १ ते ५ वर्षं कैद आणि २ ते १० लाख दंड. ठेवी घेतल्या तर २ ते ७ वर्षं कैद आणि ३ ते १० लाख दंड. महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा १९९९ पासून आहे, तो वेगळाच.

मग भांडवल उभं करायचं कसं?

पत्र मिळत नाही म्हणून धंदा करायचा नाही, असं नाही. रचना बदलायची.

सहकारी संस्था: नोंदणीकृत सहकारी संस्था ११ एए कलमातून वगळलेली आहे. आपल्या भागाला सहकार नवा नाही. फक्त संस्था खरी हवी, सभासदांना मत हवं. नावाला संस्था आणि कारभार एकट्याचा, हे चालत नाही.

शेतकरी उत्पादक कंपनी: किमान १० उत्पादक एकत्र येऊन ती काढता येते. भांडवल शेअरच्या रूपाने येतं आणि नफा-तोटा सगळ्यांचा.

भागीदारी किंवा एलएलपी: भागीदाराने टाकलेलं भांडवल २०१९ च्या कायद्यात ठेव धरलेलं नाही. पण तो खरा भागीदार हवा. तोटाही त्याच्या वाट्याला येणार, हे त्याला आधी सांगा.

प्रायव्हेट लिमिटेड: ठरावीक माणसांना शेअर देता येतात. एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त २०० जणांपर्यंत, आणि जाहिरात न करता. एखाद्या ग्रुपवर ‘शेअर घ्या’ असा मेसेज टाकला की गणित बिघडलं.

नातेवाइकांकडून कर्ज: याला २०१९ च्या कायद्यात सूट आहे. पण नातेवाईक कोण, हे कंपनी कायद्याप्रमाणे ठरतं. नवरा-बायको, आईवडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबाचे सदस्य. आपण मामा, मेव्हणा, साडू सगळ्यांना घरचंच मानतो, पण या यादीत ते नाहीत. त्यांच्याकडून धंद्यासाठी पैसे घेतले तर धंद्याशी खरा संबंध कागदावर दिसला पाहिजे. करार करा, पैसे बँकेतूनच घ्या.

ग्राहकाचा आगाऊ पैसा: बकरी ईदसाठी बोकडाची किंवा गुळाची आगाऊ रक्कम घेणं हा व्यापार आहे. पण माल देता आला नाही आणि रक्कम परत करायची वेळ आली, तर १५ दिवसांत परत करा. त्यानंतर ती ठेव धरली जाऊ शकते.

या आठवड्यात करायचं काम

एका कोऱ्या कागदावर आपली योजना दहा ओळींत लिहा. पैसे कोण देणार, बदल्यात काय मिळणार, मालक कोण, निर्णय कोणाचा, तोटा झाला तर कोणाचा. मग वरच्या चार खुणा त्याच्यापुढे ठेवा. सेबीच्या संकेतस्थळावर जुनी मार्गदर्शन पत्रं फुकट वाचता येतात. त्यातली दोन-तीन वाचा, म्हणजे प्रश्न कसा मांडायचा ते कळेल. मग तोच कागद घेऊन सीए किंवा कंपनी सेक्रेटरीकडे जा. तासाभराच्या सल्ल्याची फी जाईल, ती जाऊ द्या.

आणि उलट बाजूही बघा. उद्या तुमच्याच दारात कोणी आला आणि “आमच्याकडे सेबीचं पत्र आहे, बिनधास्त पैसे लावा” म्हणाला, तर पत्र कोणाच्या नावाचं, कोणत्या व्यवहाराचं आणि सेबीच्या संकेतस्थळावर दिसतंय का, हे तपासा. शंका आली तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर तक्रार करता येते.

गावात पैसा एकदाच बुडतो, पण नाव कायमचं जातं. शंभर घरांचा विश्वास तुमच्याकडे आहे म्हणूनच ते पैसे द्यायला तयार आहेत. तो विश्वास योग्य रचनेत बसवा, मग शेड मोठं करायला वेळ लागत नाही.

तुमची योजना कोणत्या रचनेत बसते ते ठरवताना अडलात, तर दहा ओळींचा तो कागद घेऊन पुढच्या बॅचला या. नाव-गाव न सांगता सगळ्यांसमोर सोडवू. भेटूया!